सुपाचं माप

अक्षताचं सातव्याच महिन्यात जन्मलेलं बाळ आत काचेच्या पेटीत होतं. ती बाहेरच्या बाकड्यावर डोळे मिटून बसली होती. शेजारी क्रोशाची सुई चालवणाऱ्या बसम्माला नागूबाई विचारत होती.

"अक्का, हे दुपटं कुणाला?"

"आतल्या लेकरांना. विणलं की देऊन जाते."

"आन् माप?"

"सुपाएवढं. माझा सिद्धूबी सातव्यातच आला. हातात धरायचं भ्या वाटायचं. तवा कुटल्या ह्या पेट्या? ह्यांनी गिरणीतनं कापूस आणला, सुपात पसरला, त्यात ठिवलं. गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं शेगडी राखायच्या."

"सासू काय म्हणली?"

"म्हणली, एवढ्यात नाव ठिवू नगं, जीव गुतंल. मी रोज गुपचूप कानात नाव सांगायची."

"मग?"

अक्षतानं डोळे उघडले.

"मग काय. त्यो बघा, आलाच की."

एक धिप्पाड माणूस मान वाकवून दारातनं आत शिरला.

"अव्वा, चल की. रिक्षा उभी हाय."

"आदी कानाला मफलर बांध. गार वारं सुटलंय."

दोघं गेली. अक्षता उठली, काचेपाशी गेली आणि काचेला ओठ टेकवून हळूच एक नाव म्हणाली.