चालत निघालेला ड्रायव्हर

माझं नाव कुशावर्ता, माहेर चारठाण्याचं. लग्न होऊन पेडगावला आले तेव्हा आमच्या मालकांचं फाट्यावर पंक्चरचं दुकान होतं, आता ते मी चालवते. बाई, तुमी तुमच्या नातवंडांसाठी लिहून घ्यायल्या म्हणून सांगते, न्हाईतर बाईमाणूस ट्रकचं चाक कसं खोलती ते बघायला लोक थांबतात, तिची गोष्ट ऐकायला कोणी थांबत न्हाई.

काय सांगू तुम्हाला, ट्रकच्या चाकाला लोखंडी रिंग असती, ती नीट बसली नसली आन हवा भरली की तोफेसारखी उडती. मालक मला हमेशा म्हणायचे, समोर उभी राहू नको, बाजूला हो. त्या दिवशी गिऱ्हाईक घाई करायलं होतं आन मालकच समोर वाकले. मी घरी भाकरी थापायले होते, दीर आले, म्हणले, वहिनी, भाऊ गेले. मी म्हणलं, कुठं गेले, आत्ता तर जेवायला येणार होते. तेव्हापासून बाई, गेले हा शब्द कानावर पडला की कुठं म्हणून विचारायचं धाडस होत न्हाई.

बालाजी माझा एकुलता. दुकानातच वाढला, पुण्याला मोटारीचं काम शिकला आन तिथून परदेशात. मला वाटलं, सुटला टायरमधून. तर फोनवर म्हणतो, आई, मी शर्यतीच्या गाडीची चाकं बदलतो. फ्रान्समध्ये म्हणे गाड्या चोवीस तास पळतात, ड्रायव्हर बदलतात, चाकं बदलतात, गाडी तीच. दीर म्हणले, घ्या वहिनी, पोरगं विमानात बसून गेलं ते पंक्चर काढायलाच. सगळे हसले, मी बी हसले. मग बालाजीला म्हणलं, रिंग? म्हणला, तिथं रिंग नसती आई, मधोमध एकच नट असतो. म्हणलं, हवा तर असती ना?

मग मी तुमच्याकडं आले, आठवतं का, म्हणलं बाई, तुमी इंग्रजी शिकलेल्या, ह्या शर्यतीचं काय लिहिलंय ते वाचून सांगा आन काही लपवू नका. तुमी लपवलं न्हाई. शंभर वर्षांपासूनची शर्यत, म्हणल्या. एकदा गाडी उडून बघणाऱ्या माणसांत पडली, लय माणसं मेली, तरी शर्यत चालूच ठेवली, का तर सगळे एकदम घरी निघाले असते तर रस्ते भरून जखमींच्या गाड्या अडकल्या असत्या. मला ते पटलं बी, आन घरी जाऊन घास गिळला न्हाई. माणसं मेली तरी न थांबणारी शर्यत, आन तिच्यात माझं पोरगं.

माझं तोंड बघून तुमी दुसरं बी वाचलं. पूर्वी म्हणे गाड्या एका अंगाला आन ड्रायव्हर रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला उभे राहायचे, झेंडा पडला की पळत जाऊन गाडीत बसायचे, घाईत पट्टा बी लावायचे न्हाईत. एका वर्षी एक जण पळालाच न्हाई. सावकाश चालत गेला, पट्टा नीट लावला, सगळ्यांच्या मागून निघाला. त्याच दिवशी पट्टा न लावता निघालेला एक पहिल्याच फेरीत मेला, आन चालत गेलेला जिंकला. ते पळणं मग बंदच झालं. मी बालाजीला म्हणलं, तू तसा चालत जा. म्हणला, आई, मी चाललो तर मला घरी पाठवतील. म्हणलं, पाठवू दे की.

गेल्या वर्षी शर्यत सुरू झाली तेव्हा आपल्याकडं संध्याकाळ. मी बघत न्हाई, माझी पुतणी दीपा मोबाईलवर बघती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ट्रकच्या चाकात हवा भरायले होते आन दीपा पळत आली, म्हणली, काकू, आपली गाडी गेली.

हायवेवर गाडी गेली म्हणजे काय, तुम्हाला माहीत हाय. खड्ड्यात गेली, पुलावरून गेली. आमी त्यावर एकच विचारतो, माणसं? ते मला विचारता येईना. नळी हातात, हवा चालूच, आन मी उभी कुठं, तर चाकाच्या समोर. ट्रकवाल्यानं दंडाला धरून मला बाजूला ओढलं. दीपा घाबरून म्हणायली, अगं काकू, शर्यतीतून गेली, बंद पडली, दादा चांगला हाय, नुसता रडायलाय.

त्याचा फोन आला तर खरंच रडायला होता. म्हणला, एवढी मेहनत केली आई, आन गाडी गेली. मी म्हणलं, गेली तर जाऊ दे, तू चालत ये. तो रागावला, म्हणला, तुला आनंद झालाय. झाला होता, बाई.

ह्या वर्षी परत हाय. गाडी शेवटपर्यंत पळू दे म्हणावं तर माझा जीव टांगणीला, बंद पडू दे म्हणावं तर पोराच्या डोळ्यात पाणी. म्हणून मी देवाला दोन्ही मागत न्हाई. तो चाकासमोर उभा असला तर कुणीतरी दंडाला धरून बाजूला ओढणारं असू दे, एवढंच म्हणते. तुमची बी लेकरं लांब हायती, बाई. त्यांच्याजवळ बी तसं कुणीतरी असू दे.