दांडीवरून गेलेला चेंडू

"हॅलो?… हॅलो? कोन बोलतंय?… मुंबैच न्हवं?"

इंदापूरच्या पोस्टात रिसीव्हर दोन्ही हातांनी गच्च धरून द्वारकाबाई ओरडत होत्या. मुंबई लांब, तेव्हा आवाजही तेवढाच लांब फेकायला हवा, हा त्यांचा साधा हिशोब. पोस्टमास्तरांनी नंबर जोडून दिला आणि ते टपालाची थैली घेऊन एस.टी.कडं पळाले. सासरे बाहेर बैलगाडीत बसलेले. त्या यंत्राला आपण हात लावणार नाही, हे त्यांनी बावड्याहून निघतानाच सांगून टाकलं होतं.

"म्या बावड्याची द्वारकाबाई. देशाच्या पोरांची फुटबालची टीम बोटीनं परत आलीया, ती तुमच्याच हाटेलात उतरलीया न्हवं?… व्हय, व्हय. त्यात माझं पोरगं हाय. त्येला जरा बोलवा… आवं, आज समदी आपापल्या घरला निघनार, आन ह्यो येत न्हाय म्हनतोय. गावाला तोंड दावनार न्हाय म्हनं. मुंबैतच गिरनीत ऱ्हानार. तितल्या गिरनीतल्या आमच्या गावच्या कुंडलिकापाशी तसा निरोप धाडलाय… बोलवा की. म्या थांबते… नाव?"

इथंच घोडं पेंड खात होतं. पोराला आजोबांचं नाव ठेवलेलं, आणि सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नसतं. बारशापासून आजवर द्वारकाबाईंनी ते काढलेलं नव्हतं.

"अप्पा म्हनतो आमी त्येला… कुनी अप्पा न्हाय?… आवं, घरातलं नाव हाय त्ये… खरं नाव मला घेता येत न्हाय. सासऱ्याचं हाय… हसू नगा, सायेब. ऐका तर. म्या वळख सांगते. उंच हाय, सावळा… समदीच सावळी? बरं. वालचंदनगरला मामाकडं ऱ्हायचा, तितंच खेळाय शिकला…"

पलीकडच्या माणसाला वालचंदनगरच्या मामाशी काय देणंघेणं? पण बाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. शाळेच्या गुरुजींनी चावडीवर पेपर वाचून दाखवला, तेव्हा बायकांच्या घोळक्यात उभं राहून त्यांनी सगळं पाठ केलं होतं.

"पैल्या म्याचला आपली पोरं हारली. हारनारच की, पैल्यांदाच परमुलखात गेल्याली. दुसरी बरोबरीत सुटली का न्हाय?… तर मग. त्यो बरोबरीचा गोल डोक्यानं कुनी मारला? त्यो माझा… तुमाला ठावं न्हाय? पेपर तरी वाचत जावा की, सायेब… आन तिसरी… तिसरी हारली. थोडक्यात हारली."

'थोडक्यात' म्हणताना आवाज बसला. पलीकडच्याला मात्र तेवढ्यावर ओळख पटली.

"…व्हय… व्हय, त्योच. पेनल्टीचा चेंडू दांडीवरनं गेला, त्यो… आँ? थांबा. थांबा, सायेब, अशी हाक मारू नगा. 'पेनल्टी घालवल्याला' म्हनून नगा बोलवू माझ्या लेकराला, समद्यांफुडं."

आता काय करायचं? खिडकीतून सासऱ्यांचा फेटा दिसत होता. द्वारकाबाईंनी पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि अर्ध्या इंदापूरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"मानसिंग. मानसिंग नाव हाय त्येचं. त्या नावानं हाक मारा."

बाहेरचा फेटा वळला.

"…अप्पा? तूच का रं?… व्हय, तुझं नाव म्याच घेतलं… अरं, रडतोस कशापायी? ऐक… ऐक ना आदी. वरनं गेला तर गेला. त्यो चेंडू मारायला समद्यांनी तुलाच का फुडं केलं?… त्येच म्हनते म्या. भरवसा हुता म्हनून… कोन हसतंय? हितं पोरं चिंध्यांचा चेंडू करून रोज तुझ्यावानी डोक्यानं गोल मारत्यात. एकाचं नाक फुटलं. तुझा बाप उसाला पानी धरायचं सोडून येनाऱ्याजानाऱ्याला सांगतोय, माझं पोरगं देशाकडनं खेळलं… मला? मला लई अभिमान हाय रं तुझा. झोप लागत न्हाय त्येनं… थांब. थांब जरा. आबा आल्याती दारात."

सासरे उंबऱ्यात उभे होते. द्वारकाबाईंची मान खाली गेली, पण रिसीव्हर सुटला नाही. म्हातारा जे बोलला, ते त्यांनी तसंच्या तसं पुढं धाडलं.

"आबा म्हनत्यात… म्हनत्यात, माझं नाव बावड्याभाईर कुनाला ठावं न्हवतं. तू त्ये बोटीनं न्हेलंस, पेपरात छापून आनलंस. आता त्ये मुंबैत टाकून ऱ्हायचं न्हाय, घरला घिऊन यायचं… येतोस? खरं?… आजच्याच गाडीनं ये. भिगवनला उतर, तितनं एस.टी. धर. हितं बैलगाडी घिऊन येतो आमी… काय? नाव आजून एकदा म्हनू?… गप रं. आबा हितंच हायती… हॅलो?… हॅलो, अप्पा?"

मास्तर परत आले होते. त्यांनी रिसीव्हरसाठी हात पुढं केला. सासरे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"तुटली व्हय लाइन?… तुटू द्या, मास्तर. पोरानं मागितलंय, तवा एकदा म्हनू द्या… मानसिंग."