बेलिसारियोंचा पासवर्ड

वाल्पाराइसोतल्या बेकरीच्या रांगेत नीदियाच्या पुढे म्हातारे बेलिसारियो आणि त्यांची म्हातारी शेजारीण फिदेलिना भांडत होते.

“बेलिसारियो, तुमच्या वायफायचं नाव ‘फिदेलिना फुकटी’? साऱ्या गल्लीच्या फोनवर दिसतंय!”

“मग माझं नेट चोरून का वापरता?”

“कुलूपच नव्हतं त्याला!”

“आता आहे. सकाळीच पासवर्ड टाकलाय. तेव्हाच हे नावही ठेवलं.”

“अहो, मग रविवारी माझ्या नातीचा माद्रिदहून व्हिडिओ कॉल येतो, त्याचं काय?”

“पासवर्ड सांगतो की. ‘कानेला’.”

“माझी मांजर? ती जाऊन वर्ष झालं हो.”

“ठाऊक आहे. माझे मासे खाऊन माझ्याच उशीवर झोपायची.”

“अगं बाई! आणि मी त्या मेलीला भूक लागत नाही म्हणून डॉक्टरकडे नेत होते!”

दोघं हसता हसता डोळे पुसू लागले. रांग पुढे सरकली, पण नीदियाने त्यांना हटकलं नाही.