शेताचा वाईट कोपरा

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे निधी समितीचे मोठे साहेब. मंचावर बसलेले बँकेचे, शेतकी खात्याचे आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे मान्यवर. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या, निधीचं इथलं काम बघणाऱ्या आमच्या मॅडम. उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणारे नवे साहेब. आणि समोर बसलेल्या माझ्या गटातल्या बायका, त्यांच्या सासवा, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे दाराशी उभे राहिलेले त्यांचे नवरे, सर्वांना माझा आदराचा नमस्कार.

इथपर्यंतचं सुनेनं लिहून दिलं आणि माझ्याकडून घोकून घेतलं. पुढचं माझं आहे. मी चौथीत शाळा सोडली, तेव्हा शब्द जड येणार नाहीत. आणि मला वेळ लावून बोलायला आवडत नाही, टोमॅटो तोडायला आलेत.

मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या ताई म्हणाल्या, मॅडमनी आमच्या आयुष्यात प्रकाश आणला. प्रकाश वगैरे काही आणला नाही. वीज अजून जाते. मॅडमनी आणली एक खुंटी. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, हातभर लांबीची, डोक्यावर वाटीएवढं झाकण. जमिनीत रोवायची. ती मातीतली ओल मोजते आणि फोनवर कळवते. हिरवं आलं तर पाणी आहे, लाल आलं तर द्या. कंपनीचे साहेब तिला इंग्रजीत काहीतरी म्हणतात. आम्ही खुंटीच म्हणतो.

निधीतून आमच्या गटाला घरटी एक खुंटी मिळाली. एका गाडीतून माणूस आला, खोकी वाटली, सह्या घेतल्या, अंगठे घेतले आणि गेला. आता सांगा, एवढी महागाची वस्तू घरात आली तर तुम्ही ती कुठे ठेवाल? उकिरड्याजवळ? आम्ही ती शेतातल्या सगळ्यात चांगल्या जागी रोवली. माझ्या जावेनं विहिरीला खेटून रोवली, म्हणाली, "येता-जाता नजर राहते, कोणी उपटून नेली तर?" मी पाटाच्या तोंडाशी, काळ्याभोर मातीत रोवली आणि वर गोणपाटाची सावली केली. आमचे मालक बांधावरून म्हणाले, "पंचवीस वर्षं मी उन्हात राबतोय, मला कधी गोणपाट धरलंस का?" मी म्हटलं, "तुम्हाला डोक्यावर वाटी नाही."

तो हंगामभर फोन हिरवागार. आणि शेतात टोमॅटोची बुडं काळी. वरून लालबुंद, उलटं केलं की खाली रुपयाएवढा काळा डाग, कुजका. व्यापारी एकेक टोमॅटो उलटा करून बघायचा आणि बाजूला टाकायचा. आम्ही म्हटलं रोग आला, औषध मारलं. आणखी मारलं. फोन बघितला तर म्हणतो सगळं छान. मग कोणाला विचारायचं? ज्याला विचारायचं तोच हसतोय.

तिकडे मॅडमच्या कार्यालयात मात्र आनंदीआनंद होता. एवढ्या गरीब बायकांची शेतं आणि सगळ्यांची ओल एकदम बरोबर. अहवाल गेला, मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली, आणि पुढच्या टप्प्यात दुप्पट खुंट्या द्यायचं ठरत आलं. एखादी दुसरी बाई असती तर फोटो काढून घेतला असता. या बाईंना शाबासकी पचली नाही. एक दिवस आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, मांडीवर कॉम्प्युटर उघडला आणि मला विचारलं, "ताई, तुमच्या शेतात रोज सकाळी पाऊस पडतो का हो?"

मी म्हटलं, "रोज पाऊस पडला असता तर तुमच्या खुंटीचं काय लोणचं घालायचं होतं?"

त्या हसल्या नाहीत. पडद्यावरची रेघ दाखवली. रोज सकाळी, चहाच्या सुमाराला, रेघ टुणकन वर. एक दिवस चुकलेला नाही. मी आपली बघत बसले. तेवढ्यात दारातून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "मी घालते की त्याला तांब्याभर पाणी."

मॅडमनी विचारलं, "का घालता, आजी?"

"अगं, दिवसभर रानात एकटं उभं असतं बिचारं."

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. पण मॅडमनी सासूबाईंची चेष्टा केली नाही. त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आजी, मला ते दाखवा. आणि नंतर तुमच्या शेताचा सगळ्यात वाईट कोपरा दाखवा."

आता खरं सांगते, आजवर आमच्याकडे पाहुणा आला, अधिकारी आला, तर आम्ही त्याला कधी वाईट कोपरा दाखवलेला नाही. वाईट कोपरा घरच्यांसाठी असतो. वरच्या अंगाला मुरूम आहे, तिथे पाणी दिलं की लगेच खाली निघून जातं, झाडं दुपारी माना टाकतात. मी टाळाटाळ केली, म्हटलं, चप्पल खराब होईल. त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि निघाल्या. तिथे जाऊन मुरमात बोटं खुपसली, दोन टोमॅटो तोडले, उलटे केले. म्हणाल्या, "हा रोग नाही ताई. झाड एकदा तहानलं, एकदा बुडालं, की फळाचं बूड काळं पडतं. खुंटीला रोज पाणी मिळतंय, म्हणून ती सांगते सगळं ठीक. इथलं तिला माहीतच नाही."

मग बांधावर बसून तळपायाला रुतलेले खडे काढू लागल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, "चूक आमची आहे. आम्ही यंत्राला पैसे दिले. यंत्र घेऊन तुमच्याबरोबर शेतात उभं राहणाऱ्या माणसाला दिले नाहीत."

त्याच आठवड्यात त्या घरोघर फिरल्या आणि सगळ्या खुंट्या उपटून वाईट कोपऱ्यात रोवायला लावल्या. वरच्या तुकड्याला पाण्याचा कॉक वेगळा बसवला. रातोरात सगळे फोन लाल. आणि गटात भडका उडाला. कारण काय, तर पुढच्या महिन्यात मोठे साहेब स्वतः पाहणीला येणार होते. पुढचा टप्पा द्यायचा की गुंडाळायचा ते त्या पाहणीवर. गुंडाळला तर निधीतून भरले जाणारे फोनसेवेचे पैसे थांबणार आणि ऐन फळधारणेत फोन मुका होणार होता. मॅडमच्या वरच्यांनी त्यांना सांगितलं होतं, पाहणी होऊ द्या, मग हलवा. माझी जाऊ तर तोंडावर म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पगार मिळतो. साहेबांनी लाल बघितलं तर आमचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "हिरवं बघून दिलं तर पुन्हा काळी बुडंच येतील. मग पुढच्या वर्षी काय सांगाल?"

जाऊ आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण कॉक मात्र लाल बघूनच उघडत होती, मी बघितलंय. जाऊबाई, इथे मान हलवू नकोस.

साहेब आले. अध्यक्ष महोदय, तुम्ही बसलाच आहात, तेव्हा मी तुमच्यासमोरच सांगते, म्हणजे मागून बोलल्यासारखं होणार नाही. तुमचे बूट फार चकचकीत होते. तुम्ही पडदा बघितला, भर दुपारी मुरमातलं सगळं लाल. तुम्ही विचारलं, "मॅडम, आपल्या निधीनं शेतं सुकवली का?"

आम्ही सगळ्या पदर धरून उभ्या. त्या सहज म्हणू शकल्या असत्या, या बायकांना यंत्र कळलं नाही. खोटंही नव्हतं ते. पण त्या म्हणाल्या, "साहेब, मागच्या हंगामाचे हिरवे आकडे चुकीचे होते आणि ते मीच तुमच्यापुढे ठेवले होते. हे लाल खरं आहे. मला दुप्पट खुंट्या नकोत. निम्म्या द्या. उरलेल्या पैशात प्रत्येक वस्तीवर एक मुलगी नेमू द्या, जी शेतात जाऊन खुंटी बघेल आणि बायकांशी बोलेल."

तुम्ही वळलात. गाडीत बसलात. चहा गाळून तयार होता, तसाच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "गेलं सगळं."

नंतरचे दिवस कोणाला सांगण्यासारखे नाहीत. रोज फोन उघडताना वाटायचं, आज बंद पडला असेल. मॅडम मात्र येत राहिल्या. जेवणाचा डबा तसाच परत न्यायच्या, छत्री कोणाच्या तरी घरी विसरायच्या, आणि बोलायच्या इतक्या भराभर की सासूबाई म्हणायच्या, हिच्या मागे कोण लागलंय. हट्टी बाई आहे. हे मी आज नाही, तेव्हाही तोंडावर म्हटलंय.

त्या तोड्याला व्यापाऱ्यानं नेहमीसारखा पहिला टोमॅटो उलटा केला. दुसरा केला. तिसरा केला. मग उलटे करायचं सोडून दिलं आणि क्रेट तसेच गाडीत चढवले. मला तेवढं पुरलं.

आणि साहेब, तुमचा होकारही आला, मॅडमनी मागितला तसाच. तुम्ही मनाचे मोठे, हे मान्य. मात्र त्या वर्षी मॅडमना जी वरची जागा मिळायची होती ती दुसऱ्याला मिळाली. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. मी त्यांना विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाल्या, "वाटलं. चहा करा."

आता त्या चालल्यात समुद्राकाठच्या कोळ्यांकडे, तिथेही निधीतून कसलंसं यंत्र जाणार आहे, हवामान सांगणारं. तिथल्या बायकांनो, तुम्ही इथे नाही आहात, तरी सांगते, घरातली चांगली खोली आवरून ठेवू नका. त्या तिकडे बघणारच नाहीत.

कार्यक्रमाआधी मला सांगितलं होतं, निरोपाचा दिवस आहे, चांगलंच बोला. बोलले. पण मॅडमच्या समारंभात नुसता चांगला कोपरा दाखवून मी खाली बसले तर त्या मला माफ करणार नाहीत. तेव्हा नवे साहेब, ऐका. पाच खुंट्यांच्या बॅटऱ्या पावसाळ्यापासून बंद आहेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीत फोनला रेंज नाही, तिथल्या बायका अजून अंदाजानं पाणी देतात आणि त्यांची बुडं अजून काळी पडतात. वस्तीवरची मुलगी सगळीकडे चालत फिरते, तिला गाडी हवी. फोनवरचा निरोप इतक्या अवघड भाषेत येतो की तो कळायला मला सुनेला हाक मारावी लागते, आणि ती कधी एका हाकेत येत नाही. तुम्ही परवा याल तेव्हा पहिलं पाऊल तिकडे टाका. चप्पल हातात घ्यावी लागेल.

मॅडम, तुमच्यासाठी आम्ही टोमॅटोचा एक क्रेट आणलाय, तो टेबलाखाली आहे. वरच्या थरात ओढ्यापलीकडचे ठेवलेत, काळ्या बुडाचे. खाली आमचे. बाजारात माणसं याच्या उलट भरतात. तुम्हाला तसं भरून द्यायची आमची छाती झाली नाही.

तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते मला नीट मांडता आलं नाही, ते तुम्हीच समजून घ्या. सगळ्यांनी कामं टाकून इतका वेळ ऐकून घेतलं, मी आभारी आहे. माझी जीभ आधीपासूनच धारेची, कोणाला लागलं असेल तर आज इथेच सोडून द्या, घरी नेऊ नका.

आणि अध्यक्ष साहेब, बाहेर चहा ठेवलाय. या वेळी घेतल्याशिवाय जायचं नाही.