इवाई समोरच्या खुर्चीवर

आमचं मूळ गोंदियाकडलं. आजा तिकडून मध्यप्रदेशात लांजीले आला अन् इकडंच राह्यला, म्हनून घरात मराठी अन् उंबरठ्याबाहेर पाय टाकला का हिंदी, का सांगू भौ तुमाले, मी सपनात कोनत्या भाषेत बोलतो हे मले आजपावेतो समजलं नाई. मिसरूड फुटाच्या आदीपासून वारासिवनीत राईस मिलवर हमाली करतो. संध्याकाळी आंग ठनकते, मंग पौवा मारायचा, सारेच मारत. आदी एक, मंग दोन, मंग सकाळी बी. मोहाची, बाटलीची, भेटंन ते. बायको रुक्मा पहिले लय भांडे, मंग भांडनंच सोडलं तिनं. ते तं जास्ती वाईट होतं बाप्पा.

एकडाव पोत्यासकट पडलो. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगतलं, बालाघाटले जाय, गुरवारी दुपारी दारू सोडनाऱ्याईची बैठक रायते, जाऊन तं पाय, तिकडं तुले कोन ओळखते. म्या म्हनलं हौ. बसनं उतरलो, पन पुसू कसं? पानवाल्याले दारूचं नाव घेऊन पुसलं तं तो आदी माह्या तोंडाकडं पाहीन. म्हनून नुसतं म्हनलं, भैया, मीटिंग कहाँ है. त्यानं समोर हात केला. गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो. एक साहेब उभा, धानाच्या बियान्यावर बोलून राह्यला, कोनतं लवकर होते, कोनाले कीड लागते. म्या म्हनलं शिकलेला मानूस हाय, आडून बोलत असंन, येईन हळूहळू दारूवर. घंटा झाला, चहा आला, समोसा आला, दारू काई आली नाई. शेवटी बाजूच्याले पुसलं तं ते शेतकऱ्याईचं शिबिर निघालं. समोसा खाल्ला होता भौ, आता उठू कसा? पुरतं आयकलं अन् घरी आलो.

खरी बैठक भेटली दुसऱ्या गुरवारी, एका शाळेच्या मागच्या खोलीत. दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या. तिथं नुसतं नाव सांगा लागते, बाकी काई नाई. मले तं बापाचं नाव, गाव, आडनाव सांगतल्याबिगर नाव सांगताच येत नाई, म्या सारी कुंडली सांगून टाकली, सारे हासले. अन् एक कायदा, इथलं बोलनं इथंच ठेवायचं. बाहेर कोनाले सांगायचं नाई, बायकोले बी नाई. हौ म्हनलं. मी गुरवारी बैठकीले जातो एवढंच रुक्माले माहीत. पाच महिने झाले, थेंब नाई घेतला. कसा नाई घेतला ते मले पुसू नका, मलेच समजत नाई.

आता घोटाळा आयका. माह्या पोरीची, प्रीतीची, सोयरीक आली हट्ट्याहून. पोरगा चांगला, मोटारसायकली दुरुस्त करते. माह्या साळ्यानं रीतीपरमानं पुसलं, घरात कोनी पेते काय? ते म्हने नाई. त्याईनं पुसलं, तुमच्याकडं? आमी बी म्हनलं नाई. कुंकू लावाची तारीख ठरली अन् त्याच आठवड्यातल्या गुरवारी बैठकीत एक नवा मानूस आला, माह्या समोरच्या खुर्चीवर बसला, मान खाली. म्हने, मेरा नाम दुलीचंद है, तीन बार छोड़ा, तीन बार पकड़ा. मान वर केली तं पोराचा बाप! माहा होनारा इवाई! त्यानं मले पाह्यलं, म्या त्याले पाह्यलं. चहाच्या टायमाले त्यानं माह्यापुढं बिस्कुट धरलं अन् म्हनलं, तब्येत बरी हाय ना? म्या म्हनलं, बरी हाय. आनखी का म्हनू?

आता तुमीच सांगा भौ, म्या काय करावं? घरी सांगू तं बैठकीचा कायदा मोडते. नाई सांगू तं पोरगी कोन्या घरात चालली हे माहीत असून बाप गप्प बसला, असं होते. अन् दुसरीकडून पाह्यलं तं तो बी असाच इचार करत असंन ना, का बेवड्याची पोरगी घरात आनून राह्यलो? रुक्मा एकडाव म्हने, काहून हो, जेवनात ध्यान नाई तुमचं? म्या म्हनलं गर्मी हाय.

कुंकवाचा दिवस आला. आमच्यात रीत हाय, सोयरीक पक्की झाली का दोघं इवाई एकमेकाच्या हातानं एक एक ग्लास मोहाची घेतात, अन् पेयाच्या आदी दोन थेंब पितराच्या नावानं जमिनीवर टाकतात. नाई म्हनलं तं समोरच्याचा अपमान. साऱ्या पाव्हन्याईसमोर म्हाताऱ्या काकानं ग्लास भरले. त्याचा माह्या हातात, माहा त्याच्या हातात. वास आला भौ, अन् मले वाटलं, गेलो आता. मंग त्यानं थेंब टाकले. दोन टाकले, चार टाकले, अन् टाकता टाकता सारा ग्लासच उलटा केला. म्हने, आमचे पितर लय तहानले हायत बाप्पा! म्या म्हनलं, माहे बी! अन् म्या बी उलटा केला. काका वरडला, अबे, पितराईले पाजून लोळवता काय! लोक पोट धरून हासले. रुक्मा हासली नाई. ते एकडाव त्याच्याकडं पाहे, एकडाव माह्याकडं.

घरी आल्यावर म्हने, गुरवारी तो बी तिथंच येते ना? म्या ना हौ म्हनलं ना नाई. लगनाची तयारी तिनं थांबवली नाई, एवढं म्या पाह्यलं. म्या कायदा मोडला का पाळला, पोरीचं भलं केलं का बुरं, मले खरंच समजत नाई. पोरगी सुखी राहो, दुसरं मागनं नाई.

तिच्या मायनं मातर ह्या गुरवारी डबा देल्ला. रोज पाच पोळ्या रायतात, बैठकीत उघडला तं दहा होत्या, अन् वेगळ्या पुडीत लोनचं. म्या डबा समोरच्या खुर्चीकडं सरकवला. तिथं नुसतं नाव घ्या लागते, पन माह्या तोंडातून निघून गेलं, घ्या इवाई, तुमच्या इहिनीनं देल्लं हाय. ह्या डाव कोनी हासलं नाई.