मावरूला अडली

हॅलो? … हो, मीच. लेमोन्या नाही तर कोण, डॉक्टर? बोल स्टेर्यो…

काय? आपली मावरूला अडली? … पहाटेपासून कळा देतेय आणि फोन आत्ता करतोस?

… अरे, माझा खुबा मोडलाय, कान नाहीत मोडले! दहाला नेणार आहेत ऑपरेशनला. वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात शेळी मोकळी करू. ऐक नीट.

फोन स्पीकरवर टाक, गव्हाणीवर ठेव. … बादलीच्या कडेवर नको, मागचा तसाच बुडवलास.

काय दिसतंय? … दोन पाय आणि तोंड? मग अडलंय कुठं? … ओढलंस? सोड! सोड आधी!

हात कोपरापर्यंत धू. मग ऑलिव्हचं तेल चोपड… चांगलं तेल रे! आपल्या पोराला यानिना शहरात पाठवतो ते. … आता एका पायावरून बोटं आत ने, पार मानेपर्यंत. … आणि दुसरा पाय? … त्या मानेचा नाहीच? बघ! जुळी आहेत. एक पाय एकाचा, एक दुसऱ्याचा, आणि तू दोघांना एकदम ओढतोयस, शहाण्या!

… हात जात नाही? जाणार कसा, पंजे आहेत की फावडी! अथानासियाला बोलाव.

… हो, तीच. कुंपणापलीकडची. तिचे हात लहान आहेत.

… सहा वर्षं बोलला नाहीस, ठाऊक आहे मला! तिचा द्राक्षवेल खाल्ला कुणी? मावरूलानं. मग तू कशाला तोंड फुगवून बसलास? … कमीपणा येत असेल तर येऊ दे! करडं जातील, शेळी जाईल. जा म्हणते ना!

… दोनच मिनिटं हं, नर्सबाई. आमची शेळी अडलीय…

हॅलो? अथानासिया? इतक्यात आलीस? … ओरडणं ऐकून कुंपणाशीच उभी होतीस? हात धुऊन? … अगं माझे बाई! … हो, हो… अगं ऐक ना, रडू नंतर. कळ ओसरली की एकाला मागं सार. … सापडला पुढच्याचा दुसरा पाय? खूर तळहातात झाक, आत ओरखडा नको. … आता कळेबरोबर ओढ. खाली, तिच्या टाचांकडे… स्टेर्यो, डोकं धर! शेळीचं रे, अथानासियाचं नाही!

आलं? … हलत नाही? नाक पूस. नाकपुडीत गवताची काडी घाल. चोळ… जोरात चोळ गं…

…

शिंकलं? शिंकलं! ए बायांनो, शिंकलं! … काही नाही गं, सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतोय.

… दुसरंही आलं? दोन्ही पाटी, माद्याच? आणि मावरूला चाटतेय? … मग झालं.

आले हो, आले… स्टेर्यो, मला न्यायला आलेत. … बसनं येतो? आत्ता निघून दुपारी पोचशील. राहू दे. … भीती? वाटते तर. खोटं कशाला बोलू? पण तू एकटाच घड्याळाकडे बघत बसशील, त्याची जास्त वाटत होती. … हो रे. मलाही तुझ्यावाचून करमत नाही इथं.

अथानासियाला जेवल्याशिवाय सोडू नकोस. आणि तूही जेव तिच्याबरोबर. ठेवते.