वेणूच्या उजव्या हाताबाबत अंजनी देसले यांचे म्हणणे

जबाब

नाव: श्रीमती अंजनी हरिचंद्र देसले, वय ५६ वर्षे, धंदा भातशेती, मूळची बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, सध्या राहणार कुळगाव, बदलापूर.

मी समक्ष हजर राहून, कोणी पढवल्याशिवाय सांगते की, माझे पती चार वर्षांपूर्वी वारले. मला एकच मुलगी, तेजस्वी, वय २५. तिला अंबरनाथला बुवापाड्यात दिली आहे. जावई जितेश कारखान्यात फिटर आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने सातव्या महिन्यात ओटी भरून मी तिला कुळगावला आणली. त्यामुळे जे झाले ते माझ्या पदरी झाले.

नात वेणू हिचा उजवा हात जन्मावेळी निकामी झाला, असा जावयांचा अर्ज आहे. प्रसूतिगृहाने लेखी उत्तर दिले की, बाळ धडधाकट घरी गेले, हात आजीच्या मालिशीने दुखावला. सरकारी डॉक्टरांच्या समितीचे मत आल्याशिवाय गुन्हा दाखल होत नाही आणि समितीने विचारले आहे की आत नक्की कोणी काय केले. म्हणून मला बोलावले.

दि. १४ मार्च २०२४ रोजी सकाळी सातला तेजस्वीला कळा सुरू झाल्या. रिक्षाने आम्ही त्या खाजगी प्रसूतिगृहात गेलो. तेजस्वीला शुगर आहे, बाळ मोठे आहे, हे त्यांच्याच कागदात लिहिलेले होते. डॉक्टर अकराला तपासून गेले. जाताना म्हणाले, "उल्हासनगरला एक सिझर आहे, उरकून येतो." ते आले अडीचला. वेणू एक वाजून दहा मिनिटांनी जन्मली.

पावणेएकला सिस्टरने मला आत घेतले. आयाबाई डबा खायला गेली होती. बाळाचे डोके बाहेर आले आणि तिथेच थांबले. खांदा अडला होता. हे मला कोणी सांगावे लागत नाही. माझी आई पाड्यावर सुईण होती, तिच्या हाताखाली मी वीसेक बाळंतपणं पाहिली. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडम म्हणाल्या, मुद्द्याचं बोला. बाई, हाच मुद्दा आहे. आई सांगायची, खांदा अडला की पोट वरून दाबायचं नाही, बाईला उठवून हात-गुडघ्यांवर ओणवी करायची. मी सिस्टरला तसे म्हणाले. ती खेकसली, "आजी, इथे गावठी अक्कल चालवू नका. मी सांगते तसं वरून दाबा."

मी दाबले. मॅडमनी विचारले, सिस्टरच्या सांगण्यावरून दाबले असे लिहू का. सांगितले तिने, पण हात माझे होते. दोन्ही लिहा. शिकलेल्या बाईपुढे आपण काय बोलायचं, असे मला वाटले. आग लागो त्या वाटण्याला. मी वरून दाबत होते आणि सिस्टर खालून डोके ओढत होती. बाळ निघाले ते निळे होते, रडायला वेळ लागला. डावा हात हलला, उजवा नुसता लोंबत राहिला. सिस्टरने तिला घट्ट गुंडाळून माझ्याकडे दिले व म्हणाली, "दमलंय ते, दोन दिवसांत हलवेल." घरी सोडतानाच्या कागदावर हाताबद्दल एक अक्षर नाही.

मालिशीबद्दल विचारल्यावरून सांगते की, अंगाला रोज तेल लावले, पण त्या हाताला मी बोट लावले नाही. दुखरा अवयव चोळायचा नसतो, तेवढी अक्कल शिल्लक होती. हाताबद्दल कोणाला सांगितले का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. हात मी गुंडाळून ठेवायची. तेजस्वी म्हणायची, "आई गं, किती आवळतेस, उकडेल तिला." मी म्हणायची, बाळाला ऊब लागते. बाराव्या दिवशी बारशाला जावयांची बहीण प्रीती हिने मनगट्या घालायला कपडा सोडला. वेणूने डाव्या मुठीने आत्याचे बोट धरले. उजव्या हातात बोट ठेवले तर तो तसाच. प्रीती म्हणाली, "वहिनी, ही हा हात का नाही हलवत?"

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सांगितले की, जन्मताना ओढ बसून मानेजवळच्या नसा तुटल्या. सहाव्या महिन्यात ऑपरेशन झाले. आता ती वीस महिन्यांची आहे. कोपर थोडे वाकते, हात तोंडापर्यंत जात नाही. घास डाव्या हाताने घेते. लोक तिला म्हणतात, "उजव्या हाताने जेव गं बाळा." त्यांच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटते.

अर्जात लिहिले आहे की पोट आयाबाईने दाबले. ते खरे नाही. कळांमध्ये तेजस्वीचे डोळे मिटलेले होते, तिला तसे वाटले आणि मी वाटू दिले. परवा जावयांना मी खरे सांगितले. ते हात जोडून म्हणाले, "आई, तेवढं गाळा. त्यांचा वकील सगळं तुमच्यावर ढकलेल. केस पडली तर वेणूचं काय?" जावई बिचारे चुकीचे बोलत नाहीत. पण ती आयाबाई तेव्हा डबा खात होती, तिच्या माथी का मारायचे? आणि मी वीस महिने मुलीच्या तोंडाकडे बघून जेवते आहे. डॉक्टर जागेवर नव्हते, हे त्यांचे. मला येत असून मी गप्प बसले, हे माझे. ज्याचे त्याच्या नावावर लिहा.

तेजस्वीला हे माहीत नाही. ती बाहेर बाकावर वेणूला घेऊन बसली आहे. माझे एवढेच मागणे आहे की, हा जबाब वाचायच्या आधी तिला आत बोलवा.

तेजस्वीला आत बोलावून, तिच्यासमोर जबाब मराठीत मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर तिने मला विचारले, "किती वेळा दाबलंस?" ते लिहायचे राहिले होते, म्हणून इथे लिहून घेतले. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिने "आई" अशी हाक मारली, ती मी ऐकली व तरी दाबले. एवढी भर घालून जबाब मी सांगितला तसाच आहे, म्हणून खाली सही करते.